कुंडाच्या दारातली तागडी

एका राज्यात सगळ्याची सोय होती, फक्त आजारी पडायची नव्हती. राजवाड्यामागे एक कुंड होते. त्यातले ओंजळभर पाणी प्यायले की कसलेही दुखणे पळे. पण कुंडाच्या दारात तांब्याची एक मोठी तागडी टांगलेली होती. एका पारड्यात रोग्याने बसायचे, दुसऱ्यात घरच्यांनी धान्य ओतायचे. पारडी समान झाली की दार आपोआप उघडे. आणि ती तागडी माणूस तोलत नसे, त्याचा आजार तोले! पडशाला पायलीभर धान्य पुरे, क्षयाला अख्ख्या शेताचे पीक कमी पडे. अंथरुणाला खिळल्यामुळे ज्याला नांगर धरता येत नाही, त्यानेच सगळ्यांत जास्त धान्य आणायचे, असा तिथला अजब न्याय. ओतलेल्या धान्याचे सोने होई आणि ते जमिनीखालच्या तळघरात घरंगळत जाई. तळघराला दार नव्हते. ते सोने ना राजाच्या कामाचे, ना रयतेच्या.

तागडीपाशी वीस वर्षे सोमदत्त कोठारी उभा होता. माणूस वाईट नव्हता, नेमाचा होता. पारडे हलले नाही की तो मान वर न करता म्हणे, "पुढचा."

एके दिवशी त्याची बायको मालिनी खोकता खोकता रक्त थुंकली. सोमदत्ताने तिला पारड्यात बसवले. घरातली कणगी रिकामी केली, बियाणेसुद्धा ओतले. पारडे तसूभर हलले नाही. मागे रांगेत धुरपा कुंभारीण उभी होती. तिच्या तापाने फणफणलेल्या नवऱ्याला सोमदत्ताने तीनदा परत पाठवले होते. ती शांतपणे म्हणाली, "कोठारी, पुढचा म्हणा."

ते शब्द त्याच्या काळजाला लागले. वीस वर्षांत प्रथमच त्याने रांगेतल्या माणसांचे चेहरे पाहिले. मग तो तडक राजा धैर्यधराकडे गेला.

"महाराज, मालिनी हातची जाते आहे."

राजा हळहळला. "कोठारात फक्त तलावाच्या बांधाचे धान्य उरले आहे, मजुरांना द्यायचे. हवे तर ते ने."

सोमदत्ताचा हात कोठाराच्या कडीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. राजाच्या पणजोबांनी हेच केले होते. तेव्हा कुंडात रोज शंभर वनस्पती टाकाव्या लागत, त्या शोधणारे वैद्य पोसावे लागत. दयाळू राजाने सगळ्यांना पाणी फुकट दिले, पण कोठारात नवे धान्य काही भरले नाही. शेवटी बांधाचे धान्य काढले. बांध फुटला, गढूळ पाण्याने पटकी पसरली, आणि इतके रोगी कुंडाला झेपेनात. घाबरलेल्या राजाने जादूगार कालकंठाला बोलावले. त्याने मंत्र घातला. कुंड आपोआप भरू लागले, पण दारात ही शापित तागडी आली.

सोमदत्ताने कडी सोडली आणि कालकंठाचा डोंगर गाठला.

कालकंठ म्हणाला, "तागडी मोडायची असेल तर पारड्यात तीन गोष्टी घाल. जो कधी आजारी पडला नाही, त्याने दिलेली मूठ. ज्याच्याकडे काही नाही, त्याने दिलेला दाणा. आणि राजाने आपल्या हौसेतून काढलेले माप. जबरदस्ती केलीस तर जागच्या जागी दगड होशील." जादूगाराचा धनेश पक्षी सोमदत्ताच्या खांद्यावर बसून त्याच्याबरोबर निघाला. तो बोलत असे. त्या राज्यात त्याचे कुणाला नवल नव्हते.

रणजीव नावाचा मल्ल आखाड्यात दंड थोपटत होता. "मी उभ्या जन्मात शिंकलो नाही," तो म्हणाला. "मी का देऊ? मला काय धाड भरली आहे?"

तेव्हा धनेश बोलला, "माझी बायको अंड्यांवर बसली की ढोलीचे तोंड लिंपून घेते. एवढीशी फट राहते, तिच्यातून मी रोज फळे देतो. पंख माझे मोकळे आहेत. आत बसलेलीने फळे कुठून आणायची?"

मल्लाने आपल्या मांड्या चाचपल्या. "आणि उद्या मीच पडलो तर?"

"तर तुझ्यासाठी दुसऱ्यांच्या मुठी असतील," सोमदत्त म्हणाला. मल्लाने मूठ भरून दिली.

मग तो धुरपाच्या दारी गेला. तिने रिकामी पिशवी उलटी केली. शिवणीत एक दाणा अडकला होता. तो मुठीत धरून तिने विचारले, "दार उघडलं तर आधी कोण जाणार? कोठाऱ्याची बायको?"

हो म्हणावे असे त्याच्या फार मनात होते. तरी तो म्हणाला, "ज्याचा आजार जड, तो आधी."

"शब्द?"

"शब्द."

दाणा मिळाला. राहिला राजा. त्याने वर्षातल्या एका मिरवणुकीसाठी शंभर हत्ती पाळले होते. "हत्ती ही राज्याची शान आहे!" तो कडाडला.

"महाराज, मिरवणूक पाहायला माणसे तरी उरायला हवीत."

राजाने हत्तीशाळेकडे एकदा पाहिले. मग हळूच म्हणाला, "दहा ठेवतो. बाकीचे रानात सोड." राजेच ते, एकदम शहाणे थोडेच होतात! पण नव्वद हत्तींच्या दाण्याचे माप त्याने स्वतःच्या हाताने भरले.

तागडीपाशी सोमदत्ताने एका पारड्यात मालिनीला बसवले, दुसऱ्यात कुंभाराला. कुंभाराचे पारडे खाली गेले. सोमदत्ताचे डोळे भरून आले.

"रडता काय?" मालिनी म्हणाली. "त्यांना जाऊ द्या आधी. मी बसते पायरीवर."

तिच्या रिकाम्या पारड्यात त्याने मूठ घातली, दाणा घातला, माप ओतले. पारडे धाडकन खाली आले, दांडी कडाडून मोडली आणि दार सताड उघडले. आधी कुंभार प्यायला. मग मालिनी प्यायली, आणि तिच्या गालांवर रंग चढला. मग सगळी रांग प्यायली. तळघर दुभंगले आणि सोन्याचे पुन्हा धान्य झाले.

"वाटून टाका सगळे!" राजा आनंदाने ओरडला.

"नाही, महाराज." राजाला नाही म्हणण्याची सोमदत्ताची ही पहिलीच वेळ. "शापाबरोबर मंत्रही गेला. आता वैद्य पोसायला हवेत. याचे तीन वाटे करू, बियाण्याचा, बांधाचा आणि कुंडाचा. बांध धड राहिला तर निम्मे रोगी येणारच नाहीत. आणि कुणी आजारी पडायच्या आधीच, दर सुगीला, प्रत्येक खळ्यावरून ऐपतीप्रमाणे धान्य घेऊ. ज्याचे खळे रिकामे, त्याचा एक दाणाही चालेल."

पहिल्या सुगीला कुरकुर झाली. सगळ्यांत जास्त रणजीव मल्लाची. पण त्यानेही दिले.

चौथ्या वर्षी कुस्तीत त्याची मांडी मोडली. चौघांनी त्याला कुंडापाशी आणले. त्याने छातीवर धान्याचे पोते घट्ट धरले होते. "तोला," तो कण्हत म्हणाला.

"कशाने तोलू?" सोमदत्त म्हणाला. "तुझे देऊन झाले आहे. पोते घरी पाठव."

तो एवढा मोठा गडी ढसाढसा रडला आणि आत गेला. सोमदत्ताने रांगेकडे मान वळवली, एका म्हातारीला हात दिला आणि म्हणाला, "पुढचा." आणि पुढचा माणूस आता आत जात होता.