डिस्ट्रिब्युटर आणि चिरलेली नळी

घाटात मोटार दिसली की गुरं बुजत, त्या काळची गोष्ट. एक मोटार चढाला धापा टाकू लागली.

"आजोबा, तुमची ठिणगी उशिरा पडते," पिस्टन इंजिनात ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला म्हणाला. म्हाताऱ्याला ते लगेच पटलं. आता आपण भंगारात, असं तो धरूनच बसला.

त्याच्या शेजारी एक रबरी नळी होती. तिच्यातून हवा ओढली गेली, की ठिणगी लवकर पडे. ती कुजबुजली, "आजोबा, माझं टोक चिरलंय, तिथून हवा गळते, म्हणून ठिणगीला उशीर होतो. मला फेकतील म्हणून मिस्त्री तपासायला आले की मी चीर दाबून धरते."

"म्हणजे मी बिघडलो नाही?"

"नाही हो."

मोटार थांबली, मिस्त्री आले आणि त्यांनी नळीतून तोंडाने हवा ओढून पाहिली. या वेळी तिनं चीर उघडी ठेवली. फुस्स आवाज आला. मिस्त्रींनी चिरलेलं टोक कापून तीच नळी पुन्हा बसवली.

मोटार घाट झपाझप चढली. "पाहिलात माझा जोर?" पिस्टन म्हणाला.

"पाहिला हो," डिस्ट्रिब्युटर म्हणाला, आणि नळीला हसू आवरेना.