चिमाबाईचा कुरुंद

फार वर्षं झाली, तेव्हा या गावाच्या विहिरीवर पाटलांचा काळा दगड होता. सगळ्यांनी त्यावरच विळे घासायचे, दुसरा दगड गावात आणायचा नाही, असा पाटलांचा हुकूम. कारण काय, तर तो आजोबांनी आणलेला. आता आजोबांनी आणला म्हणून दगडाला अक्कल येते का? पण पाटलांना हे विचारणार कोण!

त्या साली विसोबा लोहाराने नव्या, कडक पोलादाचे विळे घडवले. विहिरीवर घासले की ते लखलखत, पण भाताला लावले की रोप कापायच्या ऐवजी मुळासकट उपटून येई. पिकलेलं भात शेतातच गळायला लागलं. पाटलांनी विसोबाला भर चावडीत लबाड म्हटलं, त्याचा हातोडा विहिरीत फेकला आणि भट्टीवर पाणी ओतलं. सगळं गाव मुकाट बघत राहिलं. मला तर त्या गावाचाच जास्त राग येतो.

विसोबाची लेक चिमा तेवढी बोलली. "या पोलादात बारीक दाणे आहेत, ते तुमच्या दगडाहून कडक. दगड भोवतीचं मऊ पोलाद खातो, मग दाणे निखळतात आणि धारेला खड्डे पडतात. दगड बदला." पाटील हसले, आणि त्यांच्यामागून गाव हसलं.

चिमा डोंगरात गेली. असं म्हणतात, तिने नखांनी खडक उकरून कुरुंद काढला, त्या दाण्यांनाही कापणारा दगड. चार गड्यांना न हलणारा तो धोंडा डोक्यावर घेऊन ती तिसऱ्या दिवशी उतरली. तोवर अपमानाने अन्नपाणी सोडलेल्या विसोबाने प्राण सोडला होता.

बापाच्या चितेची राख निवली तशी ती त्याने घडवलेला विळा घेऊन कुरुंदापाशी बसली. असं म्हणतात, ठिणग्या पार शिवारापर्यंत उडाल्या. त्या विळ्याने तिने एकटीने दुपारच्या आत पाटलांचंच अख्खं शेत आडवं केलं.

पाटील हात जोडून आले. म्हणाले, "पोरी, पोलाद चांगलं होतं."

"मला काय सांगता?" चिमा म्हणाली. "मसणात जाऊन त्याला सांगा."

चिमाबाईच्या त्या शब्दाखातर आजही भातकापणीआधी पाटलांच्या घरचा कर्ता मसणात उभा राहतो आणि म्हणतो, "विसोबा, पोलाद चांगलं होतं. दगड आमचा वाईट होता." तोवर शिवारात कुणी विळा लावत नाही. नुसतं पुटपुटून भागत नाही. वेशीपर्यंत ऐकू आलं नाही, तर गाव त्याला पुन्हा म्हणायला लावतं.