राजावर उठलेला हाकारा

एका राज्यात दर्पसेन नावाचा राजा होता आणि त्याला शिकारीची भलती हौस होती. भुकेला वाघ मारतो तो पोटासाठी. याच्या ताटात तर पक्वान्नं मावत नव्हती! माणसं ढोल बडवत हाकारा उठवत, भ्यालेलं जनावर मचाणाकडे धाव घेई, आणि मचाणावर लोडाला टेकलेला हा शूरवीर आरामात बाण सोडी. कळपातलं सगळ्यांत थोर शिंगांचं सांबर तेवढं निवडायचं, मुंडकं दरबारात टांगायचं आणि धड रानात कुजू द्यायचं.

राणी हेमांगी म्हणे, "महाराज, आपण कळपाचा कणाच मोडता आहात."

राजा हसे. "उरलेली आहेत की! आणि राणीसाहेब, आमची शिकार आहे म्हणून तर हे रान राखलं जातं."

राखलं म्हणे! मागे राहिली ती खुरटी, रोगट सांबरं. त्यांचीच वीण पुढे चालली, पाडसं जगेनात, आणि उपाशी वाघ गावच्या गोठ्यांत शिरू लागले.

एके दिवशी भर दरबारात एक धनेश पक्षी येऊन बसला. तो रानाचा मांत्रिक होता. तो म्हणाला, "राजा, तू सरस तेवढं निवडतोस. आता मीही निवडतो."

त्याने पंख झाडला, राज्याचा पहिला मल्ल दगड झाला. पुन्हा झाडला, राजवैद्य दगड झाला. तिसऱ्यांदा झाडला, आणि राणीचा थोरला, गुणाचा जयध्वज आईचा हात धरलेला असतानाच दगड झाला.

राजाने हंबरडा फोडला.

"रडतोस कशाला?" धनेश म्हणाला. "धाकटे दोघे उरलेले आहेत की!"

राणीचं काळीज फाटलं. पण तिचा राग त्या पक्ष्यावर नव्हता. "उपाय सांगा," ती म्हणाली.

"तीन कामं आहेत. भिंतीवरच्या मुंडक्यांना अग्नी द्या. शिकारीची शस्त्रं रानाच्या सीमेवर पुरा. आणि ज्याने हाकारा उठवायला लावला, त्याने एकदा हाकाऱ्यापुढे पळावं."

दोन कामं झाली. तिसऱ्याला कुणी धजेना. राजाच्या मागे ढोल कोण बडवणार? मग राणीनेच पदर खोचला आणि ढोल गळ्यात अडकवला. तिच्या मागून साऱ्यांचे हात चालू लागले. राजा अनवाणी पळाला, काट्यांतून, चिखलातून. समोर आपलंच मचाण दिसलं तशी त्याची बोबडी वळली. ते रिकामं होतं, तरी तो गुडघ्यांवर कोसळला.

"पुरे! रान माझं नव्हे. मी पुन्हा मारणार नाही."

त्याच क्षणी शाप उतरला. मल्लाने दंड थोपटले, वैद्याने डोळे उघडले. राणी धावत दरबारात आली, तो जयध्वज हात पुढे करून उभा! तिने त्याला पोटाशी धरलं. त्याची नजर मात्र मोकळ्या भिंतींवर होती.

"आईसाहेब, मी परत आलो. मग ती सांबरं का नाही आली?"

राणीने मागोमाग आलेल्या राजाकडे पाहिलं.

त्या राज्यात शिकार बंद झाली ती कायमची. पाडसं तगली, वाघ रानात परतले. पण थोर शिंगांचं सांबर पुन्हा दिसलं, ते जयध्वजाच्या नातवाला. तेव्हा कुठे त्यांचं रान भरलं. तुमचं-आमचंही भरो, आणि भिंती रिकाम्या राहोत.