घटकाभराचा कंटाळा

तांबडखेड गावी जगदेवराव नावाचे देशमुख राहत. तरुणपणी ते पट्टीचे घोडेस्वार होते. नदीपलीकडच्या माळावर सकाळी रपेटीला निघाले, की उन्हे डोक्यावर येईपर्यंत परतत नसत. पण वडील वारले, देशमुखी अंगावर आली आणि जगदेवराव गादीवर बसले ते बसलेच. बसल्या जागी न्यायनिवाडे, बसल्या जागी जेवण, बाहेर जायचे तर पालखी.

दहा-बारा वर्षांत अंग इतके सुटले, की घराच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबावे लागे. पालखीला दोन भोई वाढवावे लागले. तोंडावर कोणी काही बोलत नसे. मग एके दिवशी देवळात आरतीला उभे असताना त्यांना घेरी आली आणि ते भर सभामंडपात कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा त्यांची पत्नी सगुणाबाई त्यांचे डोके मांडीवर घेऊन रडत होती.

मुकुंदशास्त्री वैद्यांना बोलावणे गेले. शास्त्रीबुवांनी नाडी पाहिली, पोट दाबले आणि कमरेभोवती सुतळी धरून तिला एक गाठ मारली.

"रावसाहेब, खाल्लेलं सगळं अंगात साठून राहिलंय. ते जाळायचं तर देह हलला पाहिजे. माझ्या पुड्यांनी ते जळणार नाही."

"मग काय, नांगर धरू?"

"घोड्यावर बसा. तुम्हाला ते येतं."

जगदेवराव हसले. "पळणार घोडं. माझं काय जळणार त्यात?"

"नुसते बसलात तर काहीच नाही. पण मांड घट्ट, पाठ ताठ ठेवून दुडक्या चालीनं गेलात, तर पोट, कंबर, मांड्या, सगळ्यांना काम पडतं. रोज सकाळी दोन घटका. आणि परत आल्यावर लगाम दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. घटकाभर स्वतः पायी चालून घोड्याला फिरवायचं. घोड्याचं अंग घासून खरारा स्वतः करायचा. अर्धं औषध घोड्यावर आहे, अर्धं खाली उतरल्यावर."

देशमुखांच्या पागेत आता एकच घोडी उरली होती. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. तिचे नाव राही. तिची आई तिला जन्म देतानाच गेली होती. दौला मोतद्दाराने तिला शेळीचे दूध पाजून वाढवले होते. घोड्यांची देखभाल करण्यात त्याचे केस पिकले होते, पण राहीवर त्याचा पोटच्या पोरीसारखा जीव होता. तीही दौलाशिवाय कोणाला अंगाला हात लावू देत नसे. जगदेवरावांनी आठ दिवस तिला स्वतःच्या हाताने गूळ भरवला, तेव्हा कुठे तिने त्यांना पाठीवर घेतले.

पहिल्या दिवशी खाली उतरल्यावर त्यांचे पाय लटपटत होते. तरी त्यांनी लगाम धरून अंगणात फेऱ्या घातल्या. राही त्यांच्या संथ पावलाशी पाऊल जुळवून चालली. मग त्यांनी खरारा केला. तो करताना दंड भरून आले, अंगरखा घामाने पाठीला चिकटला. सगुणाबाई दारातून पाहत होती. किती वर्षांनी तिने नवऱ्याला असे दमलेले पाहिले होते.

महिनाभर हे नेमाने चालले. सुतळीवरची गाठ चार बोटे आत सरकली. जगदेवराव पायऱ्या एका दमात चढू लागले. रात्री शांत झोप येऊ लागली.

पण माणसाला बरे वाटू लागले, की औषधाचा कंटाळा येतो. त्यांनाही आला. दौडायला मजा वाटे. फेऱ्या घालायला मात्र जिवावर येई. त्यात एकदा शेजारगावचे पाटील आले होते. त्यांनी हसत विचारले, "काय हो देशमुख, मोतद्दार ठेवणं परवडत नाही वाटतं?"

ते बोल जगदेवरावांना झोंबले. दुसऱ्या दिवसापासून ते अंगणात येताच लगाम दौलाकडे फेकू लागले. पुढे पुढे घोडीवरही ते सैल बसू लागले. दुडक्या चालीत कंबर दुखे, म्हणून ते तिला सरळ चौखूर सोडत आणि खोगिरावर नुसते बसून राहत. राही फेसाने पांढरी होऊन परते. जगदेवराव पाटावर बसत आणि म्हणत, "आज चांगली मेहनत झाली. वाढा अजून एक पोळी." त्या पोळीवर तूपही अंमळ जास्तच पडे.

दोन महिन्यांनी एकदा जगदेवराव रपेटीहून परतताच शास्त्रीबुवांनी पुन्हा सुतळी धरली. गाठ पुन्हा तीन बोटे बाहेर सरकली होती.

"असं कसं?" जगदेवराव चिडले. "पूर्वीपेक्षा दुप्पट दौडतो मी. घाम निथळतो."

शास्त्रीबुवांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "तुमचा अंगरखा कोरडा आहे, रावसाहेब. घाम निथळतोय तो घोडीचा."

 त्या दिवसापासून जगदेवरावांनी शास्त्रीबुवांना बोलावणे बंद केले.

चैत्र लागला. दौलाच्या लेकीचे दिवस भरत आले. पहिलटकरीण होती आणि सासरी दुसरे कोणी मोठे माणूस नव्हते. दौला चार दिवसांची रजा मागायला आला. रजा मिळाली तरी त्याचा पाय निघेना.

"सरकार, येक इनंती हाये. राहीवर बसा, पर जपून. ऊन लई हाये. आन माघारी आल्यावर तेवढी घटकाभर तुमच्या हातानं फिरवा. अंग निवलं, की मंग घोट घोट पानी पाजा. तापल्या अंगानं हौदाला लागली, तर तिची धडगत न्हाई."

"दिला शब्द. जा तू निश्चिंत."

दौलाने राहीच्या मानेवर हात ठेवला, तो तिच्या कानात काहीतरी पुटपुटला आणि गेला.

पहिल्या दिवशी जगदेवरावांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी तेच पाटील जेवायला यायचे होते. आपण अजून कसे दौडतो ते त्यांना दाखवावे, असे जगदेवरावांच्या मनात आले. ते राहीला घेऊन वेशीवर गेले, पाटलांना भेटले आणि तिथून माळावर दोन कोस भरधाव गेले नि आले. पाटील वाहवा करत होते. परतले तेव्हा राहीच्या नाकपुड्या लालबुंद झाल्या होत्या आणि तिची कूस भात्यासारखी हलत होती.

आतून पुरणाचा वास येत होता. पाने मांडली होती. पाटील पाय धुऊन पाटावर बसलेसुद्धा.

जगदेवरावांनी लगाम हातात धरला. एक फेरी घातली. दुसरी अर्धी झाली. सूर्य डोक्यावर होता.

"देशमुख, पोळ्या निवतायत!" आतून हाक आली.

"आलो," ते म्हणाले. हौदाजवळच्या खांबाला त्यांनी लगामाचा घाईघाईने एक वेढा दिला. जेवून आल्यावर फिरवू, असे त्यांनी मनाशी म्हटले.

जेवण झाले. विडा झाला. पाटील गेले. जगदेवराव जरा आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला.

सगुणाबाईने त्यांना हलवून उठवले. "अहो, उठा. राही लोळतीय."

ते धावत बाहेर आले. लगाम खांबावरून सुटला होता. हौद वीतभर खाली गेला होता. राही धुळीत पडली होती, पाय झाडत होती आणि वळून वळून स्वतःच्या पोटाकडे पाहत होती.

गलका ऐकून शास्त्रीबुवा बोलावल्यावाचूनच आले. "मी माणसांचा वैद्य. पण एवढं जाणतो. तिला उठवा आणि चालवत ठेवा. लोळली, की आतडं पिळवटतं. दुखणं उतरेपर्यंत थांबू नका."

दोन गडी पुढे झाले. राहीने एकाला लाथ मारली, दुसऱ्याच्या दंडाला चावली. परक्या हाताला ती जवळच येऊ देईना. शेवटी जगदेवराव पुढे गेले. त्यांनी तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावर हात ठेवला. ती थरथरत उठली.

ते तिला घेऊन चालू लागले. एक घटका गेली. राही मध्येच थबके, गुडघे वाकवी. ते तिला ओढत, थोपटत, नावाने हाक मारत. दुसऱ्या घटकेला त्यांना धाप लागली. पाय जड झाले. डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. रोज नेमाने चालणारा माणूस आणखी चालला असता. पण त्यांचा नेम पहिल्या महिन्यानंतरच सुटला होता.

"थोडं अजून, रावसाहेब," शास्त्रीबुवा म्हणाले. "ती सावरतेय."

"चाला हो," सगुणाबाई रडत म्हणाली.

त्यांनी आणखी सात पावले टाकली. मग त्यांचे गुडघे दुमडले. लगाम हातातून सुटला. राही क्षणभर त्यांच्याजवळ उभी राहिली. मग तीही खाली बसली आणि लोळू लागली. तिला पुन्हा उठवायला जगदेवरावांच्या अंगात बळ उरले नव्हते. चार हात अंतरावर बसून ते पाहत राहिले.

दिवस मावळायच्या आत राही गेली.

जगदेवरावांनी गावात सांगितले, की घोडीला पान लागले. सापाचे नाव घेतल्यावर कोणी जास्त विचारले नाही आणि घरच्या गड्यांनी देशमुखांचा शब्द खोडला नाही.

चौथ्या दिवशी दौला परतला. लेकीला मुलगी झाली होती. घराघरांत गूळ वाटत तो आला. राहीसाठी बगलेत हिरव्या घासाची पेंढी होती. पागेच्या दारात तो थांबला. आत कोणी नव्हते.

जगदेवराव ओसरीवर उभे होते. "दौला, तिला पान..." ते म्हणाले आणि अडखळले. दौला नुसता त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. त्यांना पुढचा शब्द उच्चारता येईना.

"नाही," ते म्हणाले. "मी तिला फिरवली नाही. पाटील आले होते. मी जेवायला गेलो."

दौलाने पेंढी जमिनीवर ठेवली. 

"घटकाच व्हती, सरकार," तो म्हणाला.

"मी दुसरी घोडी आणतो. याहून चांगली. तू सांभाळ."

"घोडी मी सांभाळीन. पर सवार कोन सांभाळंल?"

त्याने मुजरा केला आणि तो लेकीच्या गावी निघून गेला. जगदेवरावांनी दोनदा माणूस पाठवला, पण दौला आला नाही. त्यांनी दुसरी घोडी घेतली नाही. शास्त्रीबुवांनी पायी चालायला सांगितले, तेव्हा ते अंगणात उतरले, हौदापर्यंत गेले आणि तिथूनच मागे फिरले. पुढल्या वर्षी ते पायऱ्यांवरून खाली येईनासे झाले. त्यानंतर सगुणाबाईच त्यांना हाताला धरून या खोलीतून त्या खोलीत नेत असे.

तात्पर्य: आपल्या देहासाठी करायचे कष्ट जो दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो, त्याचा देह तर सुधारत नाहीच, पण त्याच्या आळसाचे भोग आधी एखाद्या मुक्या जिवाला भोगावे लागतात.