क्लूनाडाराची हाकेची टेकडी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लूनाडारा नावाचे एक गाव आहे. गावामागे बोडकी टेकडी आहे, तिला हाकेची टेकडी म्हणतात. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, दिवस कलला की सारे गाव वर चढते आणि परदेशी गेलेल्यांना नावाने हाका मारते. मात्र आपल्या घरच्या माणसाला कोणी हाक मारत नाही. शेजारच्या घरातून गेलेल्यालाच हाक द्यायची, अशी रीत आहे.

नागपूरजवळच्या कामठीहून आयरीन कॉस्टेलो या निवृत्त शिक्षिका तिथे गेल्या, त्याच दिवशी. कामठीच्या चर्चमधल्या जुन्या लग्ननोंदीत त्यांच्या खापरपणजोबांचे नाव होते : थॉमस कॉस्टेलो, शिपाई, गाव क्लूनाडारा. तेवढ्याच एका ओळीच्या आधारावर त्या एवढ्या लांब आल्या होत्या. गावात मात्र एकही कॉस्टेलो उरला नव्हता. मग इतकी वर्षे मनात जपलेले गाव हेच कशावरून? त्या हिरमुसल्या. शेवटी मार्टिन गिल नावाच्या म्हाताऱ्याने त्यांना हाताला धरून टेकडीवर नेले आणि वाटेत ही हकीकत सांगितली.

बटाट्याचे पीक कुजून पडलेला दुष्काळ सरला होता, पण घरे अजून उपाशीच होती. ब्रिजिड नावाच्या विधवेचा एकुलता एक मुलगा फौजेत भरती झाला. त्याला भरतीच्या गावी आपल्या गाडीतून नेले ते शेजारणीच्या, नोराच्या नवऱ्याने. हिंदुस्थानातून त्याचे एकच पत्र आले, पुढे काही नाही. ब्रिजिडने नोराशी बोलणे टाकले आणि नवस केला : मुलाची ओ येईपर्यंत रोज इथून हाक मारीन. असे सांगतात, की अठरा वर्षांत तिचा एक दिवस चुकला नाही. वादळातही ती दगड धरून उभी राहायची म्हणे.

मग तिचा आवाज बसला, तो कायमचा. त्या दिवशी ती दारात बसून टेकडीकडे नुसती बघत राहिली. तेवढ्यात वरून हाक आली. नोरा चढली होती. तिची स्वतःची तीन पोरे अमेरिकेला गेली होती, पण तिने त्यांची नावे घेतली नाहीत. ब्रिजिडच्याच मुलाला हाक मारली. ती खाली उतरली तेव्हा ब्रिजिडने दार उघडे ठेवले होते.

"नोरा माझी खापरपणजी," मार्टिन म्हणाला. "त्या मुलाचं नाव थॉमस कॉस्टेलो. आमच्या घरानं अजून हाक सोडलेली नाही."

आयरीनबाईंचे पाय जागीच थांबले. माथ्यावर पोहोचल्यावर मार्टिनने तोंडाभोवती हात धरले आणि समुद्राकडे हाक दिली, "थॉमस! थॉमस कॉस्टेलो!" नेहमीप्रमाणे सगळे क्षणभर गप्प राहिले. कामठीच्या अंगणात आई हाक मारायची तेव्हा जे उत्तर निघायचे, तेच आयरीनबाईंच्या तोंडून निघाले : "ओ!"

त्या शब्दाचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. म्हाताऱ्या बायका डोळे पुसू लागल्या.

"ओ मिळालेलं नाव पुन्हा पुकारत नाहीत," उतरताना मार्टिन म्हणाला. "आता आमच्या घरानं कुणाला हाक मारायची, बाई?"

आयरीनबाई म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ आहे, डेनिस. ऑस्ट्रेलियाला गेला. आई गेली तेव्हा भांडलो, त्याला अकरा वर्षं झाली. चालेल का?"

"शेजारच्या घरातला ना? चालेल की!"

आजही ऑगस्टच्या त्या रविवारी गिलांच्या घरातले कोणीतरी टेकडीवर उभे राहून "डेनिस! ए डेनिस!" अशी हाक मारते, आणि सारे गाव कान देऊन थांबते.