सेनापतीचा भाकरतुकडा

एका राज्यात नदी होती, पण नदीला पाणी नव्हते. एका मांत्रिकाने राजाचा मुकुट पळवून त्या मुकुटाला शाप जडवला होता, आणि त्याच दिवशी नदी आटली. राजा झुरून मेला. मागे राहिली राजकन्या इरावती आणि रिकामे सिंहासन.

त्या राज्याचा सेनापती अरिंजय. तलवारीचा शूर, मनाचाही चांगला. पण सिंहासनासमोर आला की त्याची नजर तिथून हलत नसे. त्याच्या म्हाताऱ्या आईने ती नजर ओळखली होती.

अरिंजय मुकुट आणायला निघाला. वेशीवर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "सेनापती, मुकुट तू आणशील. राज्य मात्र तुझ्या ललाटी नाही."

"ललाट मी पुसून लिहीन."

"मग एवढे तरी ऐक. मुकुट आणणाऱ्याला त्याचा शाप चिकटतो. परतलास की आधी घरी जा. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला की शाप उतरेल."

त्या राज्यात लांबून आलेला कोणीही भाकरतुकडा ओवाळल्यावाचून उंबरठा ओलांडत नसे. अरिंजय हसला. एवढेसे सांगायला पक्षी कशाला हवा!

पहिल्या दिवशी बोलत्या झाडांचे रान लागले. झाडे नाव विचारत, आणि नाव सांगणारा झाड होई. अरिंजय मुका राहिला. दुसऱ्या दिवशी उकळते तळे लागले. ते दुपारी घटकाभर निवे, तेवढ्यात तो पोहून गेला. तिसऱ्या दिवशी मांत्रिकाच्या गुहेत मुकुटाला विळखा घालून नाग बसला होता.

"मुकुट हवा तर तुझ्या आठवणीतला आईचा आवाज दे," नाग म्हणाला.

आवाज गेला तरी आई घरी आहेच की! अरिंजय म्हणाला, "घे." अरे वेड्या, दुसरे काहीही द्यायचे होतेस!

तो परतला. वेशीतून डावीकडे घर होते, उजवीकडे राजवाडा. "आधी घरी!" साळुंकी ओरडली. पण अरिंजयला वाटले, आपण घरी गेलो की मंत्री येईल आणि मुकुट इरावतीच्या मस्तकी ठेवील. मरणाशी झुंजलो आपण, आणि राज्य तिला? तो उजवीकडे वळला.

मागून हाक आली, "अरिंजया, थांब रे! भाकरतुकडा ओवाळू दे!"

आवाज त्याला ओळखू आला नाही. असेल कोणी म्हातारी, म्हणून त्याने वळूनही पाहिले नाही. तो सिंहासनावर बसला आणि त्याने मुकुट चढवला. त्याचे पाय दगड झाले. मग कंबर, मग छाती.

आई धापा टाकीत आली. तिने दगडी पायांवर पाणी घातले आणि भाकरतुकडा ओवाळून दूर टाकला. त्याच क्षणी शाप तुटला. मुकुट तिच्या ओटीत पडला, दूरवर नदी खळाळली, आणि नागाने घेतलेला आवाज त्याच्या आठवणीत परत आला. पण दगड झालेले अंग पुन्हा माणसाचे होणार नव्हते, आणि गळ्याशी आलेला दगड आता थांबणारही नव्हता.

"आई, मघाशी तूच हाक मारलीस?"

"मीच रे बाळा."

"पुन्हा मार ना."

"अरिंजया," ती म्हणाली. त्याने ती हाक पुरती ऐकली. मग त्याचे ओठ दगड झाले.

आईने मुकुट इरावतीच्या हाती दिला. इरावतीने सिंहासन दुसरे घडवले, जुने होते तिथेच राहू दिले. आई रोज तिथे येते, पायांवर पाणी घालते, भाकरतुकडा ओवाळते आणि त्याला नावाने हाक मारते. नदी भरली, राज्य वसले, कहाणी इथे सरली. तिची हाक तेवढी सरली नाही.