खंडेनवमीचं स्टिअरिंग

“माझ्या हाताला उघडलं नाही असं एक तरी कुलूप सांगा, वस्ताद. आहे का?”

हसन वस्ताद पाटावरचा पाना सरळ करत होते.

खंडेनवमीची सकाळ होती. गडहिंग्लजच्या त्या उताराच्या गल्लीत वस्तादांचं गॅरेज. पाने, पकडी, हातोड्या, जॅक, सगळं डिझेलनं धुऊन पाटावर मांडलं होतं. वर हळदकुंकू आणि झेंडू. मधोमध वस्तादांचा जुना पाना होता. त्यांच्या वस्तादांनी त्यांना दिलेला, तोंडाशी झिजून चकचकीत झालेला.

एकदा पुजलेलं हत्यार दसऱ्याचं शिलंगण होईपर्यंत उचलायचं नाही, हा गॅरेजचा नियम. दारात ट्रकवाला हातापाया पडला तरी वस्तादांनी तो मोडला नव्हता.

“आहे का?” उमाजी चौगुलेनं पुन्हा विचारलं.

त्याला असं विचारायचा हक्क होता. आसपासच्या गावांत कुणाची चावी हरवो, स्टिअरिंग अडको, गाडी सुरू न होवो, लोक आधी त्याचं नाव घेत. बसस्टँडमागं त्यानं स्वतःचा गाळा घेतला होता. बोर्डही रंगवून आणला होता : ‘उमाजी चौगुले. कसलंही लॉक, हमखास.’

बोर्ड अजून गॅरेजच्या भिंतीला तोंड लावून उभा होता. वस्तादांनी तो जुना पाना आपल्या हातानं दिल्याशिवाय शिष्यानं स्वतःचा बोर्ड लावायचा नाही, ही इथली रीत. गेल्या दसऱ्याला उमाजीनं वाट पाहिली होती. त्याच्या आधीच्याही.

“यंदा तरी पाना देणार का, तेवढं सांगा.”

“बघू.”

“काय बघायचं राहिलंय?”

वस्तादांनी उदबत्ती लावली...

तेवढ्यात समोरच्या घरातून हेरवाडकर काकू आल्या. हातात रुमाल, रुमालात चावी.

त्यांचे यजमान, अण्णा हेरवाडकर, ज्येष्ठात गेले. त्यांची गाडी तेव्हापासून गल्लीतच उभी होती. उतारावर घसरू नये म्हणून अण्णा पुढचं चाक गटाराच्या दगडाला टेकवून, स्टिअरिंग वळवून गाडी ठेवत. ती तशीच होती. उमाजीनं कालच बॅटरी चार्ज करून बसवली होती. पण चावी फिरेना आणि स्टिअरिंग हलेना.

काकूंनी जास्त काही सांगितलं नाही. दरवर्षी शिलंगणाला गाडी गावाची शीव ओलांडून हिरण्यकेशी नदीच्या पुलापलीकडं जाऊन यायची. उद्याही ती जायला हवी, एवढंच म्हणाल्या.

“उद्याचं कशाला? आत्ता सोडवतो,” उमाजी म्हणाला.

“हत्यारं पुजलीत,” वस्ताद म्हणाले.

“हत्यार मागतंय कोण? हात आहेत की माझे.” मग तो वळून म्हणाला, “पण हे सुटलं की पाना माझा. आत्ताच बोला, वस्ताद.”

“आधी सोडव.”

उमाजी गाडीत बसला. काकूंनी रुमाल पुढं केला. त्यानं त्यातली चावी उचलून उजेडात धरली. दाते पार झिजले होते.

“ही कामातनं गेली, काकू. मी कालच हिच्यावरनं नवी काढून आणलीय. ही बघा, कशी धार आहे.”

“हे काय करायचे, की चावी घातल्यावर...”

“तुम्ही सावलीत बसा.”

जुनी चावी परत घेऊन काकू सावलीत गेल्या, पण बसल्या नाहीत.

उमाजीनं नवी चावी घातली. स्टिअरिंग उजवीकडं रेटलं, डावीकडं रेटलं. रेटताना चावी फिरवत राहिला. आतला दांडा खाचेत बसला की कधी इकडून मोकळं होतं, कधी तिकडून, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. अशी कितीतरी सोडवली होती.

हे सुटेना.

गल्लीतली माणसं जमली. दूधवाल्या दाजींनी सायकल थांबवली.

“काय उमाजीराव, स्टिअरिंग हाय का भिंत?”

“भिंत असती तर एव्हाना पाडली असती, दाजी.”

लोक हसले. उमाजीही हसला. पण त्यानं एक पाय दाराला लावला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग पिळलं. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. दगडाला टेकलेलं चाक कण्हल्यासारखं वाजलं.

“हे म्हणजे असं करायचे...” काकू पुन्हा म्हणाल्या.

“झालंच, काकू. झालंच बघा.”

नवी चावी मध्येच किंचित वाकली. त्यानं ती उपसून काढली, बोनेटवर ठेवून अंगठ्यानं सरळ केली, पुन्हा घातली. शर्ट पाठीला चिकटला होता. दाजी आता काही बोलत नव्हते, ते जास्त वाईट होतं.

शेवटी तो उतरून गॅरेजच्या दाराशी आला.

“कुलपाच्या आतलं बॅरल गेलंय, वस्ताद. फोडून नवं टाकायला पाहिजे. एक हातोडी, एक छिन्नी. घटकाभराचं काम.”

वस्तादांनी पाटाकडं पाहिलं. मग उमाजीकडं.

“आज पहिल्यांदाच मागतोय मी, वस्ताद.”



“फोडायचं नाही,” काकू म्हणाल्या.

“काकू, मग उद्या पुलापलीकडं कशी न्यायची?”

“फोडायचं नाही.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. तरी दाजींनी सायकलचा स्टँड हळूच पाडला आणि जायचं रद्द केलं.

उमाजी पुन्हा गाडीत जाऊन बसला. आता तो कुणाकडं बघत नव्हता. स्टिअरिंगला असा भिडला, जसा एखादा पैलवान आखाड्यात हार दिसू लागल्यावर भिडतो.

वस्ताद उठले. सावकाश रस्ता ओलांडून त्यांनी गाडीचं दार उघडलं.

“उतर.”

“सुटतंय, वस्ताद. अजून थोडं...”

“उतर.”

तो उतरला. वस्ताद जवळच्या पायरीवर बसले आणि डोळे मिटले.

“आता काय करू?”

“काही नको.”

“काही न करता कुलूप उघडतं व्हय?”

“तू केल्यानं उघडलं?”

...

उमाजी दाराला धरून उभा राहिला. असं नुसतं उभं राहायची त्याला सवय नव्हती. तो दगडाकडं बघत राहिला, मग चाकाकडं, मग सावलीकडं.

सावलीत काकू उभ्या होत्या. त्यांचंही लक्ष स्टिअरिंगकडं होतं. त्यांचा डावा हात हवेत काहीतरी धरल्यासारखा वर आला होता. उजव्या हातातली झिजलेली चावी आधी जराशी मागं यायची आणि मग वळायची. पुन्हा मागं यायची, पुन्हा वळायची. आपण असं करतोय हे त्यांना ठाऊकही नसावं.

उमाजी कितीतरी वेळ तो हात बघत राहिला.

मग त्यानं वाकलेली नवी चावी खिशात टाकली.

“काकू,” तो म्हणाला, “अण्णा कसं करायचे?”

“तेच सांगत होते मी.”

“सांगू नका. बसा.” त्यानं दार पूर्ण उघडलं. “तुम्ही करा.”

काकू बसल्या. सीट अण्णांच्या उंचीला मागं सरकवलेली होती. त्यांचे पाय पुरत नव्हते. उमाजी सीट पुढं घ्यायला वाकला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या.

त्या सीटच्या कडेला आल्या. झिजलेली चावी घातली. आत गेलेली चावी पुन्हा तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर ओढली. डावा हात स्टिअरिंगवर ठेवला. चाक दगडाला टेकलं होतं, त्याच बाजूला हात किंचित झुकला, आणि तिथंच थांबला.

“जोर लावा थोडा,” दाजी म्हणाले.

“हे जोर लावायचे नाहीत,” काकू म्हणाल्या. “नुसतं धरायचे.”

उमाजीनं दाजींना हातानं गप्प केलं.

आत कुठंतरी बारीक टक् झालं. चावी वळली. समोरचा लाल दिवा लागला.

काकूंनी चावी आणखी पुढं फिरवली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. दुसऱ्यांदा खोकलं आणि सुरू झालं. पत्र्याचा तो जुना खडखडाट गल्लीला ओळखीचा होता. शेजारच्या एका घरातून कुणीतरी खिडकीत आलं आणि तिथंच थांबलं.

काकू तशाच बसून राहिल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मग म्हणाल्या, “आता सीट पुढं घे.”

उमाजीनं खाली वाकून सीट पुढं ओढली. रुळात माती बसली होती. ती करकरत पुढं आली.

अण्णांनी लायसन्स काढलं त्याच वर्षी काकूंनीही काढलं होतं. पण गाडी अण्णांची होती. गल्लीनं काकूंना कधी चालवताना पाहिलं नव्हतं. त्यांनी आरशात पाहिलं, गिअर टाकला आणि चाक दगडापासून सोडवलं. गाडी उतारानं निघाली. पाठ ताठ, मान ताठ. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही.

“उद्याचं शिलंगण आजच निघालं की,” दाजी म्हणाले. “शेवटी सोडवलंस म्हणायचं, उमाजीराव.”

“काकूंनी सोडवलं,” उमाजी म्हणाला.

तो हे मोठ्यांदा म्हणाला. स्वतःचं नाव सांगताना त्याचा आवाज जसा लागायचा तसाच. खिडकीतल्या माणसालाही ऐकू गेलं.

लोक पांगले. उमाजी गॅरेजमध्ये आला. भिंतीला तोंड लावलेला बोर्ड त्यानं आणखी आत सरकवला, वाटेत येऊ नये म्हणून.

“पाना राहू दे, वस्ताद. पुढच्या दसऱ्याला बघू.”

वस्ताद पाटाशी गेले. त्यांनी झेंडू बाजूला केला. हळदकुंकवाचा तो जुना पाना दोन्ही हातांनी उचलला आणि उमाजीपुढं केला.

उमाजी एक पाऊल मागं सरला.

“वस्ताद, आज खंडेनवमी... हत्यार उचलायचं नाही.”

“उचलू नकोस,” वस्ताद म्हणाले. “नुसतं धर.”